सामायिक हरकत

"काका, बसा हो जरा! तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय," कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले.

काका बसले आणि पुन्हा उठले. सुनावणीच्या सभागृहाबाहेर सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. पाणी प्यायचं, दाराशी जायचं, जिन्याकडे बघायचं, परत यायचं. त्यांचा उभा जन्म बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेला होता आणि त्या खणखणीत आवाजासाठीच कॉलनीने आज त्यांना पुढे केलं होतं. कॉलनीमागची मोकळी जमीन निवासी करून तिथे नवी घरं बांधायचा प्रस्ताव होता. घरं झाली की पाणी कमी पडणार, रस्ता तुंबणार, शांतता जाणार, अशी सगळ्यांची मिळून एक हरकत होती. तिच्यावर पहिली सही काकांची होती आणि आता ती वाचायचीही त्यांनीच होती.

सही ठोकली तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं? लेकीचा फोन नंतर आला. "बाबा, तुमच्या मागे घरं होणारेत ना, तिथे आम्ही नाव नोंदवलंय! मी गॅलरीतून हाक मारली की तुम्ही जेवायला यायचं." काका नुसतं "बरं, बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ एकटेच हसत बसले. बायको गेल्यापासून घरात दुसरा आवाज नव्हता. टीव्हीशी माणूस भांडून भांडून किती भांडणार!

पण हे सेक्रेटरींना सांगायचं कोणत्या तोंडाने? काकांच्या बायकोच्या शेवटच्या दुखण्यात सेक्रेटरींच्याच बायकोने, म्हणजे वहिनींनी, दवाखान्यात रात्री काढल्या होत्या. इकडे आड तिकडे विहीर. आपल्याच लेकीच्या घराला आपण आडवे गेलो, या विचाराने काकांना अन्न गोड लागत नव्हतं.

कॉलनीचा पुकारा झाला. हरकत काकांनी वाचायची आहे हे कानावर गेल्यावर लेकही येते म्हणाली होती, पण तिचा पत्ता नव्हता. काका माइकसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि सवयीने बोलून गेले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

सगळे खो खो हसले. अधिकारीही हसले. काकांना घाम फुटला. कागदावरची अक्षरं दिसत होती, पण ओठांवर येईनात.

"बोला आजोबा, काय हरकत आहे?"

"माझी... माझी सही मी मागे घेतो."

सेक्रेटरी ताडकन उठले. "काका! अहो, काय बोलताय?"

"कारण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी मुलगी तिथे राहायला यायचीय."

"म्हणजे स्वतःची सोय बघितली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हो," काका म्हणाले. "सोयच बघितली. बाकीच्यांची हरकत आहे तशी आहे, ती यांनी वाचावी."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे न बघताच कागद ओढून घेतला. वहिनी मात्र बघत होत्या, आणि काकांना त्या ओरडण्यापेक्षा ती नजरच जास्त बोचली.

ते खाली फाटकाशी येऊन उभे राहिले. सुनावणी संपली तशी कॉलनीतली माणसं उतरली, त्यांच्या अंगावरून गेली आणि ठरवून आणलेल्या गाडीत बसली. कुणी हाक मारली नाही. गाडी वळणाला लागली आणि समोरून लेक धापा टाकत आली.

"बाबा, एक सांगायचंय. रागावू नका. ह्यांची बदली झाली, खूप लांब. कालच ऑर्डर आली. नाव काढून घेतोय आम्ही. फोनवर सांगवेना, म्हणून आले."

गाडी गेलेल्या वळणाकडे काका बघत राहिले.

"तुम्ही माझ्यासाठी कॉलनीशी वाकडं नाही ना घेतलंत?" तिने घाबरत विचारलं.

"छे गं! हरकत वाचली की. एकदम खणखणीत. सगळे खूश."

"मग ती गाडी तुम्हाला न घेता कशी गेली?"

काकांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि बसथांब्याकडे चालू लागले.

"मीच म्हटलं, व्हा पुढे. माझी लेक येतेय."