शिट्टीवरचा ओला टॉवेल

मी एक कुकर. तीन लिटरचा, काळ्या दांड्याचा आणि पहिल्यापासून भित्रा. आमच्या जातीला भित्रं असून चालत नाही, कारण आमचं कामच ओरडायचं. पण शेगडीवर ठेवलं की मला उडी मारून पळून जावंसं वाटायचं.

जन्म माझा सांगलीजवळच्या कुपवाडचा. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तयार होतो. शेवटच्या टेबलावर अजितकुमार आमची परीक्षा घेतात. पन्नासातल्या एका कुकराची शिट्टी ते मुद्दाम दाबून धरतात, आणि वाफ कोंडल्यावर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर फुटतो का ते बघतात. माझ्या शेजारच्याचा व्हॉल्व्ह असा फुटला. केवढा आवाज! मी जो घाबरलो तो आजतागायत.

अजितकुमारांची लेक कीर्ती जर्मनीत शिकायला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्यासाठी घरी आणलं. तिची आई प्रभावती हिने माझ्या पोटात तूरडाळ, मेतकूट आणि तिखटाची पुडी कोंबली नि मला सलवारीत गुंडाळून बॅगेत बसवलं. घरातून निघताना कीर्ती सगळ्यांशी हसून बोलत होती. बॅगेची चेन मात्र तिने तीनदा उघडली आणि तीनदा लावली. ते फक्त मला कळलं.

तिथं तिला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. एक पलंग, एक खिडकी, कोपऱ्यात विजेची शेगडी. कीर्तीचं घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. डिसेंबरात तिथं चार वाजताच अंधार पडायला लागतो. बिचारी कॉलेजातून धापा टाकत यायची आणि कोटसुद्धा न काढता मला शेगडीवर चढवायची.

तेवढ्यात आईचा फोन. सांगलीत तेव्हा रात्रीचे आठ. कीर्ती फोन माझ्याजवळ ठेवायची आणि प्रभावती तिकडे बसून माझ्या शिट्ट्या मोजायची. "झाल्या गं तीन, बंद कर आता," असं ती इतक्या लांबून सांगायची. मग विचारायची, "बरं हाय न्हवं समदं?"

"मस्त आहे," कीर्ती म्हणायची. रोज तेच, अगदी पाठ केल्यासारखं.

एके दिवशी दारावर कागद चिकटवलेला दिसला. मजकूर जर्मनमध्ये होता, म्हणून कीर्तीने मोबाइलवर भाषांतर करून त्याचा अर्थ लावला. तुमच्या खोलीतून रोज शिट्टीचा आवाज येतो, तो बंद करा, नाहीतर ऑफिसात तक्रार करू. खाली नाव नाही, सही नाही. नाव असतं तर एकाच माणसाची भीती वाटली असती. आता तिला जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाची वाटायला लागली. पावलं वाजली की ती दिवा बंद करून बसायची. खोली गेली तर या परक्या गावात राहायचं कुठं, हा एकच घोर तिला लागला होता.

दुसऱ्या दिवशी तिने जे केलं ते आठवलं की माझं झाकण अजून सैल पडतं. तिने मला शेगडीवर ठेवलं, टॉवेल ओला करून त्याच्या चार घड्या शिट्टीवर दाबल्या आणि वर डाळीचा भरलेला डबा ठेवला.

बाप कुपवाडला शिट्ट्या तपासतो आणि लेकीने शिट्टीच दाबली! पण तिला हसायचं कसं? तिला फक्त आवाज नको होता.

वाफ वाढत गेली. शिट्टी उचलली जाईना. मला त्या टेबलावरचा माझा शेजारी दिसायला लागला. मी ओरडत होतो, पण बाहेर काहीच येत नव्हतं. आणि कीर्ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"किती झाल्या गं?" फोनमधून प्रभावतीने विचारलं.

"दोन."

"दोन? मी हितं कान लावून बसलीया. एक बी ऐकू आली न्हाई. काय केलंस, खरं सांग."

कीर्तीने फोन उचलून तोंडाशी नेला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "वर टॉवेल ठेवलाय."

पलीकडे काहीतरी आपटलं आणि अजितकुमारांचा आवाज आला. "बटण बंद कर! झाकनाला हात लावू नगंस! भाईर हो, आदी भाईर हो!"

तिने बटण दाबलं आणि दाराकडे पळाली. ती उंबऱ्यात पोचते न पोचते तोच माझा व्हॉल्व्ह फुटला. डबा उडाला, डाळ छतापर्यंत गेली, खोली वाफेने भरली आणि इमारतभर भोंगा वाजायला लागला. सगळी मुलं जिन्यावरून खाली धावली. आगीचा बंब आला. कीर्ती बर्फात नुसत्या मोज्यांवर उभी होती. अंगावर ओरखडाही नव्हता, पण दात वाजत होते.

मग खोलीत परतल्यावर घरी पुन्हा फोन झाला. "का झाकलंस गं बाई?" प्रभावतीने विचारलं. या खेपेला कीर्तीने मस्त म्हटलं नाही.

"आई, मला लय भ्या वाटतंय हितं. आल्यापासनं वाटतंय. समदी माझ्याकडंच बघत्यात असं वाटतं."

प्रभावती म्हणाली, "मला बी वाटतंय गं. म्हनून तर शिट्ट्या मोजत हुते. तेवढा येळ तरी तू हाईस, हे कळायचं." मग दोघीही रडल्या, आणि मागे अजितकुमार उगाचच व्हॉल्व्ह कसा फुटला ते विचारत राहिले.

आता मी खिडकीत पडून आहे. व्हॉल्व्हच्या जागी भोक, झाकण काळवंडलेलं. ऑफिसातून पत्र आलंय. सोमवारी कीर्तीला बोलावलंय, खोली ठेवायची की काढून घ्यायची ते ठरणार आहे. सोबत मलाही न्यायचंय, पुरावा म्हणून. काय बोलायचं ते ती आरशासमोर जर्मनमध्ये घोकते आणि तिसऱ्या वाक्याला अडखळते.

तुमच्यापैकी कोणाला जर्मन येत असेल, तर तिथल्या साहेबांना माझा एवढा निरोप सांगा. साहेब, शिक्षा करायची तर मला करा, खुशाल भंगारात टाका. आवाज मी केला. ही पोर तर तुमच्या गावात आल्यापासून एकदाही मोठ्यानं बोललेली नाही.