बाद केलेले फोटो

ललितने हार्डडिस्कची वायर काढून पुन्हा लावली. डिस्कमधून बारीक टकटक आवाज आला आणि बंद पडला. संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही.

समोरच्या बाकावर नत्थुजी आणि मैनाबाई बसले होते. बाळापूरकडच्या खेड्यातून सकाळच्या एसटीने दोघं अकोल्याला, जुन्या शहरातल्या या स्टुडिओत आले होते. त्यांच्या मुलीच्या, प्रणालीच्या लग्नाचे फोटो ललितनेच काढले होते. लग्नानंतर ती अमरावतीला सासरी गेली आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच डेंग्यूने वारली. जावयाने दुसरं लग्न केलं. अल्बम मागितला, तर सासरचे सापडत नाही म्हणाले. नत्थुजींच्या मोबाइलमध्ये चार-दोन फोटो होते, ते मोबाइल बिघडला तेव्हा गेले. नत्थुजींनी हे सगळं सांगितलं तेव्हा मैनाबाई खाली मान घालून पदराचं टोक चुरगळत होत्या.

ललितचे वडील देवराव निगेटिव्ह जपून ठेवायचे. एकेका पाकिटावर नाव आणि गाव लिहिलेलं. पोरगी सासरी गेल्यावर, म्हातारा वारल्यावर लोक यायचे आणि देवराव माळ्यावरून पाकीट काढून आणायचे. डिजिटल कॅमेरा आला तेव्हा ललितला सुटल्यासारखं झालं होतं. माळा नको, वाळवीची भीती नको, गावभरची लग्नं एका डबीत मावत होती. सगळं एकाच डिस्कवर ठेवू नये, हे त्याला कळत होतं. दुसरी प्रत करू करू म्हणता राहून गेली.

"काकाजी," तो म्हणाला, "डिस्क खराब झाली. फोटो गेले."

"गेले म्हंजे? कुठी गेले?"

नत्थुजी रागावले नव्हते. त्यांना खरंच ते समजून घ्यायचं होतं. नत्थुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एखादा कागदावरचा राहिला असेल तर पाहा, लहान असला तरी चालेल, असं ते दोनदा म्हणाले.

कोपऱ्यात जुना संगणक होता. आता त्यावर फक्त पासपोर्टचे फोटो व्हायचे. ललितने तो सुरू केला आणि खाली खाली शोधत गेला. एका फोल्डरवर नाव होतं: 'प्रणाली बाद'. अल्बमसाठी फोटो निवडताना जे टाकाऊ निघाले ते इथे पडले होते. पुसायलाही कोणाला सुचलं नव्हतं.

ते दाखवायचा त्याला संकोच वाटला. यातले फोटो चांगले नाहीत, डोळे मिटलेत, काही हललेत, असं त्याने आधीच सांगून टाकलं.

मैनाबाई पहिल्यांदा उठल्या. "दाखवा."

एका फोटोत प्रणालीच्या तोंडात घास होता. एकात मुंडावळ्या नाकावर आल्या होत्या आणि ती त्या फुंकरीने उडवत होती. मग एक आला, त्यात मागून कोणीतरी हाक मारली असावी. ती वळून खळखळून हसत होती, डोळे मिटलेले, अख्खी दंतपंक्ती दिसत होती, चेहरा जरासा हललेला.

मैनाबाईंनी पडद्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"अशीच हासे ते," त्या म्हणाल्या. "दात काढून हासली का मी रागवो तिले."

नत्थुजींनी मान फिरवली. रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोंकडे ते पाहत राहिले.

ललितने आधी तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, मग आपल्या मोबाइलवरही. घरातल्या कोणाच्या मोबाइलवर पाठवू का, असं त्याने विचारलं. मैनाबाईंना कागदावरच हवा होता, हसतानाचा. त्याने जरा धीर करून सांगितलं, की आता संगणकावर डोळे उघडता येतात, हललेला चेहराही नीट करता येतो, पैसे लागणार नाहीत.

"नोको," मैनाबाई म्हणाल्या. "तिले तशीच राहू द्या."

प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर आला. शाई ओली होती, फोटो लगेच पाकिटात घालता येणार नव्हता. ललितने तो कडांनी धरून आणला, तेव्हा नत्थुजी बाकाच्या एका टोकाला सरकले आणि मैनाबाई दुसऱ्या. मधल्या जागेत त्याने तो ठेवला.

कागद फडफडायला लागला, म्हणून त्याने पंखा बंद केला. बाहेर वैशाखाचं ऊन दारापर्यंत आलं होतं. तिघांच्याही कपाळावरून घाम ओघळायला लागला. पंखा लावा, असं कोणी म्हटलं नाही.