अप्पांचं बीपी माझ्या फोनवर

“ताई, आकडा सारखा बघत बसू नका, नाहीतर तुमचंच बीपी वाढंल,” लातूरच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. बापाच्या कातडीखाली, गळ्याच्या हाडाजवळ, बीपी मोजणारं इवलंसं यंत्र बसवलंय, त्याचा आकडा निलंग्याहून इथं नांदेडात माझ्या फोनवर येतो, आणि मी बघू नको?

मग बघतच राहिले. सृष्टीला पाजताना, कणीक मळताना, हे ड्युटीवरून येऊन जेवत असताना. सृष्टीला दात येतायत, रात्रभर किरकिर. डोळे सदा चुरचुरलेले. तरी हात फोनकडेच.

“अप्पा, आत्ता काय केलं? एकदम वर गेलं.”

“काय न्हाई गं. शेजारच्या बसवंताशी भांडून राहिलो होतो. आता भांडायची बी चोरी का?”

मागून आई, “म्हणावं, माझ्याशी भांडतेत तवा बी बघत जा.”

आकडे बघून डॉक्टरांनी अप्पांची गोळी बदलली. बीपी ठिकाणावर आलं. मला जरा हायसं वाटलं.

श्रावणातल्या सोमवारी आकडा चढला आणि चढतच गेला. फोन केला, उचलेनात. परत केला. शेवटी उचलला तर नुसती धाप.

“अप्पा, आधी बसा. छातीत दुखतंय का?”

“मला कायबी झालं न्हाई! तुझी आई पडली देवघरापुढं. उचलून राहिलो, उचलंना.”

मी बसवंतकाकांना फोन लावला. त्यांनी दोघांना जीपमध्ये घालून लातूर गाठलं. तिथं उलगडा झाला. अप्पांची जुनी गोळी बंद झाली, पण पाकिटं भरलेलीच होती. वाया कशाला घालवायची म्हणून आई रोज एक घेत होती. त्यात उपवास, पोटात पाण्याचा घोट नाही. बीपी पार खाली गेलेलं.

काकांनी फोन स्पीकरवर धरला. सलाइन लावलेली आई म्हणाली, “डोकं गरगरायचं, म्हटलं मला बी बीपी आसंल. तुझ्या बापाची गोळी, परकी थोडीच हाय?”

तिकडं सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुन्हा अशी पडली आणि डोक्याला लागलं तर?

आता ती निलंग्याला घरी आहे. “हाव, फेकली पाकिटं,” म्हणते. पण आईनं आजवर काही फेकलेलं मी पाहिलेलं नाही. सृष्टीला ताप आहे, मला लगेच निघता येत नाही. अप्पांचा आकडा शांत आहे. त्यावरून आईचं काय कळणार?

तुम्ही निलंग्याकडचे असाल, तर बस स्टँडमागच्या गल्लीत माझ्या आईचं, पार्वतीबाईंचं घर विचारा. चहा घेतल्याशिवाय ती सोडणार नाही. तेवढ्यात सहज विचारा, आज कोणती गोळी घेतली. आणि चहा ठेवायला उठताना ती भिंतीचा आधार घेते का, तेवढं बघा.