उजवा डोळा

सकाळी गोदावरी भाकरी थापायला बसली, की मागून सासूचा आवाज यायचा, "गोदे, आला का गो?"

"नाय आत्या. अजून नाय."

"नीट बघ हां. मला दिसायचं नाय, नि तो माझ्यावाचून निघून जायचा."

बनुबाई हे थट्टेनं म्हणायची की मनापासून, पोलादपूरच्या वरच्या त्या वाडीत कुणाला उमगत नसे. गोदावरीचा हात मात्र पिठातच थांबायचा. म्हातारीला दिसत नव्हतं, ते तिच्यामुळं.

वाडीत हे एकच ख्रिस्ती घर. सासरे मुंबईच्या गोदीत कामाला होते, तिथून ते येशूचं नाव घेऊन आले. रविवारी महाडला उपासनेला जायचं, नाताळला शेजारच्या भागूबाईकडे करंज्या पाठवायच्या, होळीला तिच्याकडून पोळी यायची. प्रभू परत येणार ही आशा त्या घरात मिठासारखी मुरलेली होती. मूठभर काढून कुणी खात नसे.

मग ते रोगराईचं साल आलं आणि गोदावरीचा नवरा श्रीपत त्यात गेला. पुढच्या पावसात पूर आला, दरडी कोसळल्या. गोदावरी मोबाईलवर कुणा प्रचारकाची प्रवचनं ऐकू लागली. सगळ्या खुणा पुऱ्या झाल्या, तो सांगायचा, पुढचा पाऊस आपण इथं बघणार नाही. प्रभू येईल, मेलेले उठतील, श्रीपत उठेल. गोदावरी गाणी म्हणत धुणं धुवायला लागली.

त्याच हिवाळ्यात डोळ्यांच्या शिबिराची गाडी आली. भागूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात हजर. "चल गो बनुबाई, दोघी मोतीबिंदू काढून येऊ."

गोदावरी आडवी आली. "कशाला कापाकापी? थोडे दिवस राहिले. नवं शरीर मिळणार, नवे डोळे मिळणार."

"तुझा येशू येल तेव्हा येल," भागूबाई म्हणाली, "गाडी खाली उभी हाय."

बनुबाईनं सुनेच्या आवाजाकडं तोंड वळवलं आणि पायरीवर बसली. "तू जा भागू."

पुढचा पाऊस आला. त्याच्या पुढचाही आला. भागूबाई तांदूळ निवडायला लागली, सुईत दोरा ओवायला लागली. गोदावरीची गाणी बंद पडली. एक दिवस बनुबाईचा डावा डोळा लालभडक झाला आणि ती डोकं धरून विव्हळू लागली. महाडला नेलं. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू फार पिकू दिलात. आत दाब वाढला, हा डोळा गेला. उजवा वाचेल, पण आता वेळ काढू नका."

घरी आल्यावर म्हातारी म्हणाली, "कशाला कापाकापी? नवे मिळणार हायत ना?"

आपलेच शब्द. गोदावरीला जमीन दुभंगावी असं झालं. कुणाला ठाऊक कधी येणार, असं म्हणावं तर म्हातारीची आशा मोडते. गप्प राहावं तर उरलेला डोळा जातो. प्रार्थनेला बसली तर शब्दच सुचेना. शेवटी ती सासूच्या पायाशी जाऊन बसली.

"आत्या, तो येणार हे खरं. पण कधी, ते मला ठावं नव्हतं. ठावं असल्यागत बोलले मी."

"ते मला तेव्हाच ठावं व्हतं."

"मग गाडीत का नाय बसलात?"

बनुबाईनं पदराचा काठ चाचपला. "श्रीपत गेल्यापासनं तू पयल्यांदा गात व्हतीस गो. मी गाडीत बसले असते तर तुला वाटलं असतं, आत्याचा इश्वास नाय. तुझं गाणं मोडलं असतं."

गोदावरीनं तोंडात पदर कोंबला. शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या.

"रडू नको. कधी न्हेतेस ते सांग," म्हातारी म्हणाली. "यायचा त्याला बघाया एक डोळा तरी पायजे."

पट्टी निघाली तेव्हा बनुबाईनं आधी सुनेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "केस पिकले गो तुझे," एवढंच म्हणाली.

आता सकाळी ती स्वतःच ओट्यावर जाऊन बसते. समोरचा घाट बघते, आभाळ बघते. मग डावीकडचं बघायला अख्खी मान वळवते. ती मान वळताना दिसली, की चुलीपाशी बसलेली गोदावरी तव्यावरची भाकरी उलटायची विसरते.

"नाय आला गो अजून," म्हातारी बाहेरून सांगते. "आभाळ भरलंय. चुलीच्या शेणी आत घे, भिजतील."

गोदावरी उठते. सासूच्या डाव्या अंगानं जाताना आधी तिच्या खांद्याला हात लावते, म्हातारी दचकू नये म्हणून.