चांथाबुरीचा चढ

थायलंडला चाललोय म्हटलं की माणसं डोळा मारतात. नाक्यावरच्या टपरीत भिकाजीनं मारला, बँकेतल्या पोरानं मारला, पासपोर्टचा फोटो काढणारा तर असा हसला की मीच लाजलो. बायकोला घेऊन चाललोय म्हटलं की सगळे गप्प. बायकोला घेऊन कोण थायलंडला जातो? मी जातो. आणि खरं सांगायचं तर मी तिला नेलं नाय, तिनं मला नेलं.

कमळेला गेल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला. नळी घातली, गोळ्या सुरू झाल्या. रत्नागिरीचा डॉक्टर बोलला, चाला, पण सावकाश. दम लागला तर बसा, दम गेला की उठा. साधी गोष्ट. पण आमचा गौरव ठाण्याला इंजिनियर आहे, त्याला साधी गोष्ट पटत नाय. आमचं घर जयगडच्या वाटेवर. रस्त्यावरून जांभ्या दगडाची पाखाडी खाली उतरायची, पायरी पायरीनं, तेव्हा आमचं खळं, म्हणजे अंगण, लागतं. गाडी दारात येत नाय. गौरवचं म्हणणं, परत काय झालं तर आईला ह्या पायऱ्यांवरून वर न्यायची कोणी? तुम्ही? तुमचे गुडघे बघा आधी. तेव्हा घराला कुलूप घाला आणि ठाण्याला चला. तिकडं लिफ्ट आहे, हॉस्पिटल समोर आहे. सून ईशा पण गोड बोलून तेच सांगायची. खोटं बोलत नव्हती पोरं, तेच तर वाईट. खोटं असतं तर भांडायला बरं पडलं असतं.

शिमग्याला दोघं आली ती ठरवूनच आली. मे महिन्यात आंबा उतरवून झाला की सामान हलवायचं. कमळा भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटली आणि बोलली, मे महिन्यात मला जमायचं नाय, मी थायलंडला जातेय.

आता हे खूळ माझंच. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण बोटीवर कूक म्हणून अर्धं जग फिरलो. आमच्याबरोबर सोमपोंग नावाचा थाई माणूस होता, इंजिनात तेलपाणी बघायचा. मी त्याला सोम्या म्हणायचो. एकदा बोट दुरुस्तीला लागली तेव्हा तो मला आपल्या गावी घेऊन गेला, चांथाबुरीला. मोठं शहर नाय, नाव कुणाला ठाऊक नाय. नदी, नदीवर लाकडाची घरं, मागं डोंगर, आणि फळं इतकी की पाय ठेवायला जागा नाय. तिथल्या कुर्ल्या म्हणजे खेकडे, तिथला धबधबा, हे सगळं मी कमळेला सांगत आलो, दर सुट्टीत नव्यानं. ती ऐकायची आणि बोलायची, सांगताय तर खरं, नेणार कधी? सोम्या गेला आता. त्याची बहीण तिकडं घरातच खोल्या भाड्यानं देते.

तर कमळेचं ऐकून आम्ही सगळे हसलो. ती नाय हसली. मग गौरवचं डोकं फिरलं. बोलला, "पाखाडी चढताना मधे बसावं लागतं तुला आणि परदेशात डोंगर चढणार? जा. चढून ये. मग मी परत ठाण्याचं नाव काढलं तर सांग."

कमळेनं भाकरी टोपलीत टाकली. "ईशा, तू ऐकलंस ना गो?"

ईशानं मान हलवली.

डॉक्टरला विचारलं. त्यानं तपासलं, गोळ्या वाढवून दिल्या आणि बोलला, जाऊन या. गौरवनं तिकिटं काढून दिली, पण तोंड फुगवूनच.

बँकॉकला आम्ही थांबलोच नाय. विमानतळावरून बस पकडली आणि दुपारी चांथाबुरीला उतरलो. सोम्याची बहीण दारातच उभी होती. तिला सगळे पा लेक म्हणतात. पा म्हणजे मावशी, आणि लेक हे नाव. कमळेला फार मजा वाटली, आपल्यापेक्षा म्हातारी बाई आणि नाव लेक. दोघींना एकमेकींची भाषा येत नाय. पण दोघी पहिल्या दिवसापासून बोलत होत्या, ही मराठीत, ती थाईत, आणि मी मधे बसून दोघींचं चुकीचं सांगायचो.

खाण्याचं सांगतो. तांदळाच्या शेवया आणि त्यात कुर्ल्या, गोडूस आंबट, वर कच्च्या भाज्या. कमळेनं नांगी फोडली, चोखली आणि निकाल दिला, मसाला कमी आहे, पण कुर्ली आजची आहे. दुरियन म्हणून एक फळ, काटेरी फणसासारखं. वासानं मी लांब पळालो. कमळेनं फणस आयुष्यभर फोडलेला, तिनं बोटानं गरा काढला आणि बाकावर बसून शांतपणे खाल्ला. येणारी जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

पण गोंधळ झाला तो मँगोस्टीनवरून. बाहेरून काळपट लाल, आत पांढऱ्या पाकळ्या, लसणाच्या गड्ड्यासारख्या. माणसं आतलं खातात आणि साल फेकतात. साल बोटभर जाड, आतून लालभडक. कमळेनं बाजारात सालांचे ढीग बघितले आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. आमच्याकडं कोकमाच्या रातांब्याचं बी बाजूला आणि सालच खरी. तीच मिठात घालायची, रसात बुडवायची, उन्हात टाकायची, तेव्हा आमसुलं होतात. तिला वाटलं, ही माणसं आमसुलंच कचऱ्यात टाकतायत. मी बोललो, कमळे, हा रातांबा नाय. ती बोलली, तुम्ही आयुष्यभर आयती सोलकढी प्यायलात, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

पिशवी भरून सालं आणली. मीठ लावलं. आणि गच्चीवर, पा लेकनं आमच्या गादीवर घातलेली पांढरी चादर पसरून त्यावर वाळत टाकली.

मँगोस्टीनचा डाग जात नाय. तिकडं तर म्हणे हॉटेलात हे फळ खोलीत न्यायलाच बंदी असते. आम्हाला कोण सांगणार? संध्याकाळी पा लेक गच्चीवर गेली आणि तिचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. चादर जांभळी, तपकिरी, मधे मधे काळी. कमळा खाली मान घालेल असं मला वाटलं. कसली घालतेय? ती मराठीत बोलायला लागली, चादर काय, दुसरी येते, पण एवढी सालं फेकता ही कुठली रीत तुमची. शेवटी आम्ही घरनं नेलेली सोलापुरी चादर कमळेनं तिच्या हातात दिली. पा लेकनं ती उलटसुलट करून बघितली, पोत बघितला आणि काखेत मारून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तीच चादर तिच्या स्वतःच्या खाटेवर दिसली.

सालं दोन उन्हं खाऊन सुकली. कमळेनं पा लेकच्या चुलीवर बांगड्याची आमटी केली, नारळाचं दूध, मिरची, त्रिफळं घरनंच नेलेली, आणि वर ती सालं. पा लेकनं चव घेतली आणि सरळ जाऊन मोरीत थुंकली. मग मी घेतली. कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळलं, जीभ टाळूला चिकटली. आंबट म्हणून नावाला नाय.

कमळेनं स्वतः एक घास खाल्ला. ओगराळं खाली ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसली. मी मस्करी करायला गेलो तर बोलली, "मला आमसुलंसुद्धा कळेनाशी झाली. गवऱ्या बोलतो तेच खरं असंल."

झटका आला तेव्हा पण ती असं बोलली नव्हती.  मी आमटी टाकून दिली आणि पातेलं घासत बसलो.

सकाळी पा लेकनं कमळेला हाताला धरून मागच्या परड्यात नेलं. तिथं एक झाड. तिनं कोवळं पान तोडलं, कमळेच्या तोंडात घातलं आणि चावायची खूण केली. कमळेनं चावलं. डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. तिनं दुसरं पान तोडलं आणि माझ्या तोंडात कोंबलं. आंबट! अगदी आमच्या आमसुलासारखं, तसंच मागून येणारं. ह्या झाडाला चामुआंग म्हणतात. तिथली माणसं ह्या पाल्यात डुकराचं मटण शिजवतात, ते आम्ही खात नाय. पा लेकनं कमळेसाठी त्या दिवशी पाला घालून बांगडा केला. कमळेनं दोनदा भात घेतला, ताट पुसून खाल्लं आणि मला बोलली, झाड इथंच होतं, मी कचऱ्यात शोधत बसले. उद्या धबधब्यावर जायचं.

फ्लिओ म्हणून धबधबा, डोंगरातल्या रानात. वाट चांगली बांधलेली, पण चढाची. पायऱ्या ओल्या, मधे झाडांची मुळं. रान असं दाट की आमचं देवराईचं रान आठवावं, वर बघितलं तर आभाळाचा तुकडा पण नाय. कमळा सावकाश चालत होती. अर्ध्यावर तिचा श्वास वाढला. मी बोललो बस, ती दगडावर बसली. कपाळावर घाम. ओठ जरा पांढरे. 

आणि नेमका तेव्हा गौरवचा व्हिडिओ फोन. मी तो बंद करायला गेलो. कमळेनं हातातनं ओढून घेतला आणि तोंडासमोर धरला.

"बघ," ती बोलली. "दमलेय. घाम आलाय. नीट बघून घे."

पलीकडनं गौरव ओरडत होता, आत्ताच्या आत्ता खाली उतर, बाबांना फोन दे, तिथं कोण माणूस असेल त्याला बोलाव. कमळेनं त्याला पुरतं ओरडू दिलं. मग बोलली, "डॉक्टर बोलला दम लागला तर बस. बसलेय. आता थोड्या वेळानं उठणार आहे, ते पण बघायचं असेल तर थांब." आणि फोन दगडावर आपल्याकडं तोंड करून टेकवून ठेवला.

गौरव थांबला. आम्ही तिघं बसलो होतो, दोघं रानात आणि एक ठाण्यात. मी बोललो, कमळे, झालं एवढं पुरे, परत जाऊ. ती बोलली, "तुम्हाला भीती वाटत असेल तर तुम्ही बसा इथं. मी जाऊन येते."

मग तिनं पाण्याचा घोट घेतला, पदर खोचला, झाडाचा आधार घेतला आणि उठली. फोन माझ्या खिशात टाकला. कधी बंद झाला मला माहीत नाय, वर रेंजच नव्हती.

पोचलो. पाणी काळ्या कातळावरून खाली येतं आणि त्याचा डोह झालाय, आणि डोहात मासे. हातभर लांब, शेकड्यांनी, पायाला येऊन लागणारे. पकडायला बंदी. माणसं वालीच्या शेंगांच्या जुड्या घेऊन येतात आणि त्यांना भरवतात. कमळा पाण्यात पाय सोडून बसली आणि माशांकडं बघत राहिली. एवढा मासा आणि कालवण नाय, ह्या माणसांचं काय करायचं, असं बडबडत तिनं आम्ही खालून विकत घेतलेली सगळी जुडी त्यांनाच भरवली. माझ्या वाटणीची पण.

मुंबईला उतरलो तर विमानाच्या दारात एक पोरगी चाकाची खुर्ची घेऊन उभी. हातात कागद, कागदावर कमळेचं नाव. गौरवनं ठाण्यातनं सांगून ठेवलेलं. कमळेनं खुर्ची नीट बघितली. मग आमच्या दोन्ही पिशव्या तिच्यावर ठेवल्या, दुरियनचे वेफर्स वर ठेवले, पोरीला बोलली चल गो बाय, आणि बाजूनं चालायला लागली. सगळ्या विमानतळावरनं अशी वरात.

बाहेर गौरव उभा होता. त्यानं खुर्चीवरच्या पिशव्या बघितल्या, आईला बघितलं आणि सुरू झाला. फोनवर बघितलं मी, धापा टाकत होतीस, शब्द राखायचा म्हणून जीव घालवायचा काय, मी बोललो ते रागात बोललो. आजूबाजूची माणसं बघायला लागली. कमळेनं त्याचा हात धरला.

"गवऱ्या, मी परत दमणार. आपल्या पाखाडीवर पण दमणार. बसणार आणि उठणार. एक दिवस नाय उठणार, तर माझ्या पायरीवर नाय उठणार. मला उचलायची चिंता तू आत्तापासून करू नको, वाडीत माणसं आहेत. तू बोललास चढून ये. मी चढून आले."

गौरवनं पिशव्या गाडीत टाकल्या. मी पुढं बसलो. ठाण्याचा फाटा आला तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो. गाडी पनवेलच्या अंगाला, आमच्या गावच्या वाटेला वळली.  कमळा पार चिपळूणपर्यंत मागं घोरत होती.

सावर्ड्याला चहाला थांबलो. गौरवनं कपातला चहा ढवळला, साखर नसताना ढवळला. मग खाली बघत बोलला, "पाखाडीला मधे बसायला चिऱ्याचा कट्टा बांधून घेऊ. आणि हाताला धरायला पाइप."

"पाइप चालेल," कमळा बोलली. "कट्टे दोन बांध. वरचा बाबांना. धबधब्यावर ते माझ्या मागं होते."

मी भजीची एक प्लेट सांगितली.