समोर येणारी फांदी

चिनी शाईचित्रांतली झाडं मी घरी गुपचूप काढतो, हे भिवंडीत फक्त वाचनालयातल्या आसावरीला ठाऊक होतं. ती काढायला शिकवणारं पुस्तक तिनेच दिलं होतं. वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीत चित्र दाखवण्यासाठी तिने माझं नाव फळ्यावर लिहून टाकलं. एकाहत्तर वर्षांत मी चारचौघांत काही दाखवलेलं नाही. नाव पुसायला सांगणार होतो, तेही जमलं नाही.

पुस्तकात म्हटलं होतं, झाडाला चार बाजू असतात. डावी-उजवी फांदी कुणीही काढेल, आपल्याकडे येणारी अवघड. माझी झाडं वहीत दाबलेल्या पानासारखी चपटी होत. का, ते कळेना.

गुरुवारी एक चित्र, कोरा कागद, ब्रश आणि शाई घेऊन अंबाडी गावापलीकडे लडकूच्या शेतावर गेलो. त्याच्या बांधावरची ऐनाची झाडं पुस्तकातल्यासारखीच गाठाळ, वाकडी आहेत. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून जाळायला तो दरवर्षी त्यांच्या फांद्या उतरवतो. मी तिथल्या शाळेत कारकून होतो, तरी मला मास्तरच म्हणतो.

त्याने चित्र बराच वेळ पाहिलं.

“मास्तर, यावर चढू कुठून?”

“चढायचं कशाला? चित्र आहे.”

“झाड हाय ना? मंग पाय कुठं ठेवू? पुढून कायच न्हाय. पडेन ना मी.”

त्याची बायको कमळ भारा बांधत म्हणाली, “पडा खुशाल. आधी फांद्या उतरवा.”

मी चाचरत विचारलं, “लडकूदादा, चढून दाखवता? जरा सावकाश.”

तो कोयता कमरेला अडकवून चढू लागला. मी कोऱ्या कागदावर फांद्या सोडून नुसती त्याची पावलं टिपत गेलो. तिसरं पाऊल माझ्या दिशेने आलं. फांदी अशी दिसेचना. दिसला तळवा आणि त्याखाली एक गोल गाठ. म्हणजे समोर येणारी फांदी लांब दिसतच नाही? मी ब्रश टेकवून जाड ठिपका दिला आणि पावलांभोवती झाड काढलं.

उतरल्यावर लडकूने चित्रातल्या बुंध्यावर बोट ठेवलं. “हितं डावा. हितं उजवा.” ठिपक्याशी बोट थांबलं, शाईने काळं झालं. “हितं जपून. ही तोंडावर येते. वरच्या दोन कच्च्या हायत, माझं वजन न्हाय पेलणार.”

“मग वर नका जाऊ,” मी म्हटलं.

तिथूनच आसावरीला फोन केला. शनिवारी येतो, म्हणालो. फक्त चित्र भिंतीवर टांगू नकोस, टेबलावर ठेव. लोकांना बोटाने चढून पाहता आलं पाहिजे.