उताराच्या पोटात

पाऊस थांबून अकरा दिवस झाले होते, तरी नदी निवळत नव्हती. आमच्या नदीचं गढूळ पाणी तांबडं असतं. वरच्या डोंगराची माती सुटली की ते येतं आणि दोन दिवसांत स्वच्छ होतं. हे पाणी तसं नव्हतं. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं होतं, आणि बाटलीत चार-चार दिवस ठेवलं तरी गाळ खाली बसत नव्हता.

पाणी आणण्याचं काम बाटलीकाकांचं. रोज सकाळी आठला ते पुलावरून दोरीने बाटली सोडतात, भरली की वर ओढतात आणि माझ्या टेबलावर आणून ठेवतात. एकवीस वर्षं हेच. धरणाच्या ऑफिसात सगळे त्यांना बाटलीकाका म्हणतात, आणि आपण आयुष्यात थेंबाला शिवलो नाही हे त्यांना प्रत्येक नव्या साहेबाला पटवून द्यावं लागतं.

"काका, बाटली धुतली होती का?" मी विचारलं.

"धुतली होती, बाई."

"मग हे काय आहे? आपल्या अख्ख्या डोंगरात असली माती नाही."

"ते नदीला विचारा. मी आपला दोरी ओढतो."

मी त्यांना बरंच काही बोलले. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहीत आहे आणि ऑफिसला तर पाठच आहे. काकांनी शांतपणे दोरीची गुंडाळी केली आणि ते चहाला गेले.

धरणात गाळ भरू नये, हे बघणं माझं काम. धरणाच्या वरच्या ज्या ज्या डोंगराचं पाणी या नदीत उतरतं, तो सगळा माझ्या ताब्यात. सहा वर्षांत मी तिथे चर खणून घेतले, उताराला आडवे, एका पातळीत, मांडीइतके खोल. पळत्या पाण्याला चालतं करायचं, चालत्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला जमिनीत जिरवायचं. पाणी जिरलं की माती जागच्या जागी राहते. असे सात उतार मी बांधले, त्यातला सात नंबरचा माझा लाडका. त्याच्या अंगावरून चमचाभर मातीही खाली आली नव्हती. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना घेऊन तिथेच जायचे. सहा वर्षांत लोकांची एकही तक्रार नाही, हेही ते आवर्जून सांगायचे.

त्याच उतारावर माझ्या आईचं घर होतं.

चर खणायला घेतले तेव्हा माझा थोरला भाऊ आडवा आला होता. "घराच्या डोक्यावर एवढं पाणी अडवू नकोस गं. ते जाणार कुठे?" मी दहा मजुरांसमोर म्हणाले, "दादा, तू ट्रक चालव. डोंगर माझ्यावर सोड." सगळे हसले. दादा हसला नाही. महिन्याभरात तो वहिनीला घेऊन खालच्या वस्तीत राहायला गेला आणि माझ्याशी बोलेनासा झाला. आई मात्र हलली नाही. लेकीने घर सुरक्षित केलंय, मी कशाला जाऊ, असं ती सगळ्यांना सांगायची.

त्या दुपारी मी बाटलीतलं पाणी कागदातून गाळलं आणि तो कागद भट्टीत वाळवला. कागदावर पिठासारखी पांढुरकी माती उरली होती. तिच्यात चुलीतली राख होती आणि बोटभर लांबीचा एक हिरवा लोकरीचा धागा.

काकांनी वाकून पाहिलं. "कुणी स्वेटर घालून वाहून गेलं की काय?"

"काहीतरी बोलू नका."

"मग कुठेतरी पाणी मुरतंय, बाई," असं म्हणून ते स्वतःच हसले.

माझ्या पहिल्या पगारातून मी आईला हिरवा स्वेटर घेतला होता. जगात हिरवी लोकर काय थोडी आहे, असं मी स्वतःला बजावलं. डबा मात्र तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नदीच्या काठाकाठाने वर निघालो. जिथे ओढा येऊन मिळे तिथे दोन बाटल्या भरायच्या, एक नदीची, एक ओढ्याची. जी दुधाळ, तिच्या मागे जायचं. ऊन लख्ख होतं. तिसऱ्या ओढ्यापाशी पाणी आम्हाला डावीकडे घेऊन गेलं, तिथून एका घळीत. त्या घळीला बारा दिवस पाऊस नसताना पाणी असायचं कारणच नव्हतं. पण तळाशी बोटभर धार वाहत होती.

धार घळीच्या भिंतीतल्या एका भोकातून येत होती. ताटाएवढं गोल भोक, कडा गुळगुळीत. वर मी लावलेलं गवत हिरवंगार उभं होतं, त्याच्या वर माझे चर, एकही न फुटलेला. मी भोकासमोर हात धरला. आतून थंड वारा येत होता.

मग आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

काका मागे सरकले. आतून, कुणी शेजारच्या खोलीत बोलावं तितक्या जवळून, बाईचा आवाज आला. हळू, समजूत काढणारा.

"घे. आणखी घे. पण गप राहा आता."

काही वेळ नुसता पाण्याचा आवाज होता. नंतर धार काळी झाली आणि माझ्या चपलेवरून राख वाहत गेली.

काकांनी टोपी काढली. "बाई, आत कुणीतरी आहे."

"माझी आई आहे," मी म्हणाले आणि घळ चढायला लागले. घर तिथून दोनशे पावलं वर होतं.

आई दारातच भेटली. हात धुतलेले, केस विंचरलेले, चेहरा हसरा. घर झाडून लख्ख केलेलं होतं, पण काहीतरी कमी होतं. खुंटीवर बाबांचा कोट नव्हता. फळीवरची दादाची जुनी पुस्तकं नव्हती. मधल्या खोलीत खाट भिंतीपासून ओढून आडवी ठेवली होती. मी त्या खोलीत पाऊल टाकलं तर जमीन रिकाम्या पिंपासारखी वाजली.

"आई, चार दिवस माझ्याकडे चल. गुडघा दुखतोय माझा, घरात कुणी हवंय."

"तुझा गुडघा? आत्ता तर चढून आलीस."

"मग घराला रंग देऊन घेऊ. तोवर चल."

"रंग कशाला? आणि मी का म्हणून हलू? तूच म्हणालीस ना, चर आहेत तोवर या घराला धक्का नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ती थट्टा करतेय. आता मला कळतं, ती वाट बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं मला, आणि ते सोडून मी गुडघ्याचं, रंगाचं बोलत राहिले. साहेब, पाहुणे, दादा, ते दहा मजूर, सगळे डोळ्यांपुढे आले. मी पाणी प्यायले आणि उतरून आले. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

येताना मी भोकातल्या मातीचं एक ढेकूळ आणलं होतं. ऑफिसात काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेतलं आणि ते अलगद आत सोडलं. ही परीक्षा शाळेतलं पोरही करू शकतं. चांगली माती पाण्यात ढासळते आणि तळाशी बसते. हे ढेकूळ ढासळलं नाही. त्याच्याभोवती धुराचं वलय उठलं, पसरलं आणि पाच मिनिटांत अख्खा पेला दुधाळ झाला. अशी माती पाणी लागताच विरघळून चालती होते. ती वरून धुपत नाही, आतून जाते. चर खणण्याआधी मी चरांच्या खोलीपर्यंतची तांबडी माती तपासली होती. तिच्याखाली काय आहे, ते बघितलंच नव्हतं. वरची माती जाऊ नये म्हणून मी सगळं पाणी खाली पाठवलं होतं आणि सहा वर्षं स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

काकांनी पेला उजेडात धरला. "आणि वर ढग जमतायत," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत येतील."

चर भरले की तेवढं सगळं पाणी आईच्या खाटेखालून जाणार होतं.

सकाळी मी दादाला फोन केला. इतक्या वर्षांनंतरचा पहिला. "ट्रक घेऊन ये. आईला काढायचंय." त्याने का म्हणून विचारलं नाही. "येतो," एवढंच म्हणाला.

आई खाटेवर बसली होती. मी उंबऱ्यापाशी खाली बसले. "आई, माझं चुकलं. दादा म्हणत होता ते खरं होतं. माझ्या चरांचं पाणी तुझ्या घराखालून जातंय. हे घर मी पोखरलंय."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"पावसाळा लागला तेव्हापासून. आधी वाटलं उंदीर असेल. मग एक दिवस कोपऱ्यातल्या फटीत वाटी पडली. आणि बराच वेळ पडतच राहिली."

तिने उठून खाट मागे सरकवली आणि पुन्हा तिच्यावर बसली. खाली परातीएवढं भोक होतं. कडेला राखेची बादली, एक जुनी उशीची खोळ आणि भांडं. "रोज दोन बादल्या माती आणायचे तुझ्याच चरांतली. राख, चिंध्या. मग बाबांचा कोट. स्वेटर टाकताना जीव तुटला गं. पण काही टाकलं की रात्रभर गप असायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"दादाने सांगितलं होतं की तुला." आईच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "साहेब इथे अंगणात उभे राहून म्हणाले, आजी, लेक हुशार आहे तुमची. त्यांच्यासमोर मी काय सांगणार? वाटलं, भोक बुजलं तर तुझंही नाव राहील."

मी रडले. लहानपणी रडायचे तसं, तोंड उघडं टाकून. आईने खाटेवरूनच हात पुढे केला, पण आमच्या मध्ये ते भोक होतं.

दादा आला. त्याने एकदा जमिनीकडे पाहिलं, भिंतीच्या कडेकडेने आत गेला आणि आईला पाठुंगळी घेऊन त्याच कडेने बाहेर आला. ‘मी सांगत होतो’ असं तो म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असते, तर दहा वेळा म्हणाले असते.

पाऊस दुपारी आला. दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो तेव्हा घर उभं होतं. भिंती, छप्पर, लावलेलं दार, सगळं जसंच्या तसं. मी मधल्या खोलीच्या खिडकीतून डोकावले. आत जमीन नव्हती.

मी साहेबांना सगळं लिहून दिलं, स्वतःच्या हाताने, चुकीसकट. बाकीच्या उतारांवर हेच चर आहेत, चार ठिकाणी खाली घरं आहेत, ताबडतोब चर फोडून पाण्याला वाट करून द्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"पण तिथून तर एकही तक्रार नाही," ते म्हणाले. "एवढी घाई कशाला?"

मी ऑफिसातून तशीच निघाले. सगळ्यात जवळ तीन नंबरचा उतार. तिथे शिवणकाम करणारी एक बाई एकटी राहते. चर खणताना तिने काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं होतं, ते मला आठवत नाही. मी काय बोलले, ते आठवतं. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी पाहणीला गेले तेव्हा ती लांबूनच हात जोडायची आणि सगळं ठीक आहे म्हणायची.

दार उघडं होतं. तिने शिलाई मशीन अगदी दाराच्या चौकटीला लावून घेतलं होतं आणि ती भिंतीला पाठ टेकून शिवत होती. मला बघून ती हसली.

"सगळं ठीक ना?" मी अंगणातून विचारलं.

"हो, बाई. एकदम छान."

"घरात आवाज वगैरे? जमीन कुठे खचलीय?"

"छे हो. काही म्हणजे काही नाही. तुमची कृपा."

"मी जरा आत येऊन बघते," म्हणत मी पायरीवर पाय ठेवला.

तिचं हसू तसंच होतं. तिने मशीन थांबवलं आणि अगदी सावकाश एक हात वर केला.

"आत नका येऊ, बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दोघींचा भार नाही सोसायचा."